सतरा अक्षरांपुरतं लक्ष

आज सकाळी मेसमध्ये नाश्त्याला काय होतं?

आठवलं? बरं, तो प्रश्न सोपाच होता. मेनू भिंतीवर लावलेला असतो, वार आठवला की पोहे का उपमा ते कळतं. आता दुसरा प्रश्न. तुमच्या समोर कोण बसलं होतं? पोहे गरम होते का? वर खोबरं होतं का? मी हे प्रश्न आमच्या विंगमधल्या पोरांना विचारून बघितले. बहुतेकांनी "डोकं फिरलंय का तुझं?" असा प्रतिप्रश्न केला. एकाने अगदी आत्मविश्वासाने उत्तर दिलं आणि ते चुकलं, कारण तो नाश्त्याला उठलाच नव्हता.

हसायला हरकत नाही, पण मित्रांनो, मी स्वतः या परीक्षेत जिथे नापास झालो ती जागा मेस नव्हती. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी थोडं हायकूबद्दल, कारण लेख हायकूवर आहे आणि संपादक मंडळाने तसं बजावलंय.

हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, पहिल्या ओळीत पाच, दुसरीत सात, तिसरीत पाच अक्षरं. एवढं आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेपासून माहीत असतं. गंमत म्हणजे या वाक्यातल्या दोन गोष्टी तितक्याशा खऱ्या नाहीत. जपानीत हायकू सहसा तीन ओळींत छापत नाहीत, तो वरून खाली एकाच उभ्या ओळीत उतरतो. आणि जपानी माणूस मोजतो तो 'ओन', अक्षर नव्हे. ओन हा प्रकार आपल्या मात्रेच्या जवळचा आहे. टोकियो हा शब्द ते 'तो-ओ-क्यो-ओ' असा चार ओनांत मोजतात. 'निप्पोन' मध्येही चारच, नि-प्-पो-न्. तो अर्धा प् आणि शेवटचा न् यांनाही पूर्ण एकेक ठोका मिळतो. म्हणजे जपानी सतरा ओन आणि मराठी सतरा अक्षरं हे एकच माप नाही. युनिट कन्व्हर्जन न करता उत्तर लिहिलं की व्हायवाला जे होतं, तेच इथेही होतं! पण मराठीत पाच-सात-पाच रुळलंय, बोटांवर मोजता येतं आणि मोजायला मजा येते. म्हणून मी तेच वापरतो.

मोजमापापेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली 'किगो', म्हणजे ऋतू सांगणारा शब्द. बेडूक म्हटलं की वसंत, नुसता चंद्र म्हटलं की शरद, असे संकेत तिथे पक्के ठरलेले आहेत आणि अशा शब्दांचे कोशही निघतात. त्यांना 'साइजिकी' म्हणतात. जुन्या जपानी पंचांगात तर वर्षाचे ७२ तुकडे पाडलेले, जेमतेम पाच-पाच दिवसांचे, आणि प्रत्येकाला निसर्गातल्या एखाद्या बारीक घटनेचं नाव. जून-जुलैच्या त्यांच्या पावसाळ्याचं नाव लिहिताना जी चित्रलिपी वापरतात, तिचा शब्दशः अर्थ 'आलुबुखाऱ्याचा पाऊस'. फळ पिकतं तेव्हा पडणारा, म्हणून. हे वाचल्यावर मला एकदम आमच्या गावाकडची भाषा आठवली. मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली, पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस आणि पुष्याचा तो 'म्हातारा'. तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र आणि प्रत्येकाच्या पावसाचा स्वभाव वेगळा. शेतकऱ्याला हे पाठ असतं, कारण त्याची पेरणी त्यावर असते. आपण मात्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत फक्त "च्यायला, पाऊस" एवढंच म्हणतो.

दुसरी गोष्ट 'किरेजी', म्हणजे तोडणारा शब्द. 'या', 'काना', 'केरी' असे छोटे शब्द असतात, त्यांना स्वतःचा फार अर्थ नसतो. पण ते आले की कविता तिथे थबकते. एका बाजूला एक चित्र, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि मध्ये मोकळी जागा. मराठीत हे काम आपण डॅशने किंवा नुसत्या ओळ तोडण्याने भागवतो. मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगायचं तर हा स्पार्क प्लगचा गॅप आहे. दोन टोकं चिकटली तर ठिणगी नाही, फार लांब गेली तरी ठिणगी नाही. बाइकच्या प्लगमध्ये हा गॅप साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. हायकूत किती ठेवायचा याचं फीलर गेज मिळत नाही, ही खरी अडचण.

आता थोडा इतिहास, लवकर उरकतो. जपानमध्ये चार-पाच जण मिळून साखळी कविता रचत. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने पुढची कडी जोडायची. त्या साखळीच्या पहिल्या कडीला 'होक्कू' म्हणत. ती सुटी होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली, तिला पुढे हायकू हे नाव मिळालं. बाशो (१६४४ ते १६९४) हा यातला सगळ्यात मोठा माणूस. बुसोन चित्रकार होता, इस्सा गरिबीत आणि मुलांच्या मृत्यूंत होरपळलेला. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकूर १९१६ मध्ये जपानला गेले आणि 'जापान-यात्री' या प्रवासवर्णनातून त्यांनी बंगाली वाचकांना हायकूची ओळख करून दिली. मराठीत हायकू म्हटलं की शिरीष पै (१९२९ ते २०१७) हेच नाव आधी येतं. आचार्य अत्र्यांची ही मुलगी. अत्रे म्हणजे गडगडाट, आणि लेकीने आयुष्यातली कित्येक वर्षं दिली ती तीन ओळींच्या कवितेला! आपल्या लायब्ररीत त्यांचे संग्रह आहेत, कवितांच्या खालच्या कप्प्यात. इश्यू कार्डवर शेवटचा शिक्का कधीचा आहे ते सांगत नाही, कॉलेजची इज्जत जाईल.

मला ज्याच्याबद्दल लिहायचंय तो मात्र मासाओका शिकी. हायकू हे नाव रूढ केलं ते यानेच. जन्म १८६७ चा. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात शिकत होता, बेसबॉलचा भयंकर नाद, इतका की २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घातलं गेलं. पुढे मोठा कादंबरीकार झालेला सोसेकी हा त्याचा कॉलेजमधला मित्र. १८९२ मध्ये शिकी परीक्षेत नापास झाला आणि त्याने विद्यापीठ सोडलं. (घरी हा लेख वाचणाऱ्या पालकांनी कृपया घाबरू नये.) तोवर त्याला क्षयाने गाठलं होतं. 'शिकी' हे त्याने स्वतः घेतलेलं टोपणनाव, एका कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याचं. तो पक्षी रक्त ओकेपर्यंत गातो असं जपानी लोक मानत. म्हणजे हा मुलगा विशीत रक्ताची गुळणी टाकतो आणि त्यावरूनच स्वतःला नाव ठेवतो.

शिकीचं म्हणणं असं, की कवितेत जुन्या ठरीव कल्पना घोटत बसू नका. वही घ्या, बाहेर जा, जे दिसतं त्याचं स्केच करा. याला तो 'शासेइ' म्हणे, म्हणजे जिवंत वस्तूवरून केलेलं रेखाटन. पाश्चात्त्य पद्धतीने चित्रं काढणारे काही चित्रकार त्याचे मित्र होते, त्यांच्याकडून त्याने ही कल्पना उचलली. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑब्झर्व्हेशन टेबल आधी, कन्क्लूजन नंतर. आणि आपण प्रॅक्टिकलला काय करतो? सीनियरच्या जर्नलमधून आधी रिझल्ट घेतो, मग त्याला बसतील अशी रीडिंग्ज मागून भरतो. बहुतेक वाईट कविताही अशाच लिहिल्या जातात. 'प्रेम अनंत आहे' हे कन्क्लूजन आधीच ठरलेलं असतं, मग त्याला साजेसा चंद्र शोधायला निघायचं.

पुढे क्षय शिकीच्या मणक्यात उतरला. १८९६ पासून तो जवळजवळ अंथरुणालाच खिळला. बाहेर जाऊन स्केच करा म्हणणारा माणूस, आणि त्याला कूसही धड बदलता येत नाही. मग त्याने काय केलं? जेवढं दिसतं तेवढं बघायला सुरुवात केली. मित्रांनी त्याच्या खोलीला कागदी दारांऐवजी काचेची दारं बसवून दिली, म्हणजे पडल्या पडल्या छोटी बाग दिसावी. त्या बागेतली फुलं, भेटीला आलेली फळं, घोसाळ्याचा वेल. घोसाळं म्हणजे आपली भाजीचीच. तिथे त्या वेलाचा रस कफावर औषध म्हणून देत. १९०२ च्या मे महिन्यापासून तो एका वर्तमानपत्रात रोज थोडं थोडं लिहीत होता. त्या लेखमालेचं नाव 'ब्योशो रोकुशाकु', म्हणजे सहा फुटांचं आजारपणाचं अंथरूण. एकूण १२७ हप्ते. शेवटचा १७ सप्टेंबरला छापून आला. १८ तारखेला त्याने आडवं पडूनच, दुसऱ्यांनी धरलेल्या फळीवर, घोसाळ्यावरचे तीन हायकू लिहिले. १९ तारखेला गेला. पस्तिशीही पूर्ण नव्हती.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे हायकूमुळे त्याला वेदना जाणवल्या नाहीत. साफ खोटं. त्याला मॉर्फिन लागत होतं. दुखणं असह्य झालं की तो ओरडायचा, रडायचा, घरच्यांवर चिडायचा, आणि हे त्यानेच लिहून ठेवलंय. हायकू हे पेनकिलर नाही. फक्त त्या सहा फुटांत दुखण्याशिवाय आणखीही काही आहे, एवढं त्याने रोज शोधून काढलं. मला यात शांतीपेक्षा जिद्दच जास्त दिसते.

आणि आता माझी गोष्ट.

सेकंड इयरच्या दिवाळीत माझे आजोबा आजारी होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. घरात सगळ्यांना माहीत होतं की फार दिवस नाहीत. मी चार दिवस रात्री त्यांच्या खाटेशेजारी बसायचो. सगळे म्हणायचे, नातू किती करतो! मी खुर्चीत बसून मोबाईल बघत होतो. आबा मधूनमधून बोलायचे. मी "हं" म्हणायचो. पाचव्या दिवशी ते गेले. दहाव्याला आत्याने विचारलं, "शेवटी तूच होतास ना रे जवळ, काय बोलत होते?" मला एक वाक्य सांगता येईना. त्या चार रात्रींत पाहिलेले कितीतरी व्हिडिओ मला आजही आठवतात. एक माणूस जमीन खणून स्विमिंग पूल बांधतो तो तर पूर्ण आठवतो. आबा काय म्हणाले ते आठवत नाही. विसरलो असंही नाही. ते कधी आत शिरलंच नव्हतं. सेन्सर बंद असेल तर मेमरी कितीही जीबीची असो, काय उपयोग?

हायकूकडे मी आलो तो यानंतर, आणि कवी व्हायला नव्हे. लायब्ररीत संग्रह हाती लागला, पातळ होता म्हणून घेतला. मग ठरवलं की रोज एक लिहायचा, जर्नलच्या मागच्या पानावर. पहिला हायकू असा झाला :

जीवन आहे
अवघड पेपर
वेळ अपुरा

मोजून बघा, पाच-सात-पाच बरोबर आहे. मी खूश. रूममेटला दाखवला. तो सिव्हिलचा, कवितेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो म्हणाला, "यात दिसतं काय?" मी म्हटलं, म्हणजे? "म्हणजे कॅमेरा ठेवला तर काय दिसेल?" काहीच दिसणार नव्हतं. जीवन नावाची वस्तू आमच्या रूममध्ये नव्हती. शिकीने शंभर वर्षांपूर्वी सांगितलेलं मला सिव्हिलच्या पोराकडून कळलं. तेव्हापासून ही कॅमेऱ्याची टेस्ट मी प्रत्येकाला लावतो. पंधरा-वीस भिकार हायकूंनंतर, विंटर सेमिस्टर संपलं त्या दिवशी, गॅलरीतून बॅग घेऊन निघताना हा सापडला :

सुट्टी लागली
दोरीवर एकटा
निळा टॉवेल

हा मी रचला असं मला वाटत नाही. तो टॉवेल तिथे होताच. मी रोज त्या दोरीखालून वाकून जात होतो, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा वर बघितलं.

रोजच्या जगण्यात याचा परिणाम काय, तर लिहायला लागलं की दिवसभर डोळे थोडे उघडे ठेवावे लागतात. रात्री एक हायकू सबमिट करायचा आहे हे माहीत असलं की सकाळपासून माल गोळा करावा लागतो. वर्कशॉपमध्ये तेलकट हात पुसायचा तो चिंधीचा गोळा, वॉशिंगच्या दगडावरचा साबणाचा तुकडा, रात्री दोनला कुणाच्यातरी खोलीतून येणारा मॅगीचा वास. आधी हे सगळं बॅकग्राउंड नॉइज होतं. इगतपुरीला धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात, तिथे दहा दिवस मौन पाळून श्वासावर आणि अंगावरच्या संवेदनांवर लक्ष ठेवायला शिकवतात. त्याला पालीत 'सति' म्हणतात, म्हणजे आपला 'स्मृती' हाच शब्द. जागं राहणं आणि आठवणं यांना एकच शब्द असावा, याचं मला आबांच्या प्रकारानंतर फार नवल वाटलं. पण तिथे वही-पेन चालत नाही, आणि त्यामागे कारण आहे. आपण शब्द शोधायला लागलो की समोरची वस्तू सुटते. हायकूवाल्याला हा धोका कायम असतो. टॉवेल बघता बघता 'एकटा बरा का एकला' यात अडकलो की टॉवेल गेला. म्हणून माझा एक नियम आहे. जागेवर फक्त दोन-तीन शब्द टिपायचे, मोजणं रात्री. आणि मोबाईलवर टिपायचं नाही. एक शब्द टाइप करायला उघडला आणि चाळीस मिनिटांनी बंद केला, असं माझं दोनदा झालंय.

हायकू म्हणजे झेन, हायकू म्हणजे साक्षात्कार, असंही बरंच वाचायला मिळतं. बाशो काही काळ एका झेन गुरूकडे शिकला हे खरं. पण हायकू म्हणजे झेनच हा सूर इंग्रजी वाचकांत जोराने लागला तो ब्लाइथ या इंग्रज अभ्यासकाच्या पुस्तकांमुळे, १९४९ नंतर. शिकीला तर बाशोच्या भक्तांचा रागच यायचा. आणि क्षणात उमटलं, जसंच्या तसं लिहिलं, हेही पूर्ण खरं नाही. बाशो १६८९ मध्ये सोरा नावाच्या शिष्याबरोबर उत्तरेकडे निघाला, पाचेक महिने, सुमारे २४०० किलोमीटर, बहुतेक पायी. त्या प्रवासाचं पुस्तक त्याने पुढे काही वर्षं घोटलं. त्याच्या हातचं हस्तलिखित १९९६ मध्ये उजेडात आलं, तर त्यात ठिकठिकाणी कागदाचे तुकडे चिकटवून वर दुरुस्त्या केलेल्या! सोराची रोजनिशीही उपलब्ध आहे आणि गुरूने पुस्तकात काय काय बदललं ते त्यावरून पकडता येतं. मला हे वाचून फार बरं वाटलं. लक्ष एका क्षणात द्यावं लागतं, पण लिहायला वेळ घ्यायला हरकत नाही.

यावर्षी आमच्या विंगने एक उद्योग केलाय, हॉस्टेलचं साइजिकी. जिन्यापाशी ड्रॉइंग शीट लावलीय, ज्याला जे सुचेल त्याने महिन्याखाली लिहायचं. जूनमध्ये 'चार दिवस न वाळलेली जीन्स' आणि 'दारामागच्या छत्रीखालचं तळं'. सप्टेंबरात 'झाडू मारायच्या आतच पडलेला पारिजात'. डिसेंबरला 'गीझरपुढची लाइन'. मेमध्ये गुलमोहर सगळ्यांनीच लिहिला, पण वॉचमनकाकांनी त्याखाली लिहिलं, 'रिकाम्या खोलीतला चालू राहिलेला पंखा'. सगळ्यात चांगली नोंद त्यांचीच आहे. जुलैत वीज गेली त्या रात्री मीही एक चिकटवला :

वीज गेलेली—
पन्हाळीतलं पाणी
आता ऐकू ये

कुणाला लिहून बघायचं असेल तर रूम नंबर विचारत या, शीटवर जागा आहे. कवी असायची गरज नाही. उलट कवी असलेल्यांना जरा जड जातं, असा अनुभव आहे. 'जणू', 'जसे की', 'आयुष्याच्या वाटेवर' हे शब्द जिन्याच्या खाली ठेवून यावेत.

आबांवरही लिहायचा प्रयत्न मी वर्षभर करत होतो. जमत नव्हतं. एक असा होता :

आबांचा चष्मा
आठवणींचा पूर
डोळ्यांत पाणी

रूममेटने तो वाचला आणि काही बोलला नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. आठवणींचा पूर! आठवणी नव्हत्या हेच तर माझं दुखणं होतं. मी खोटी रीडिंग्ज भरली होती.

मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीच्या कपाटात तो चष्मा मिळाला, डबीत, फडक्यात गुंडाळलेला. या वेळी नुसता बघत बसलो. डावी दांडी दोऱ्याने बांधलेली. उजव्या काचेवर खालच्या कोपऱ्यात काहीतरी धूसर होतं. फडक्याने पुसणार होतो, हात उचललाही होता.

आबांचा चष्मा
काचेवर अजून
बोटाचा ठसा

पुसला नाही. डबी बंद करून जागेवर ठेवली, आणि आजीला म्हटलं, हा कुणी धुवू नका. ती म्हणाली, "मीच पुसला नाहीये अजून."